नावाची पाटी

परदेशी विमानतळावर उतरण्याविषयी बोला, असं मला सुचवण्यात आलं तेव्हा मी जरा बिचकलोच. श्रोते हो, मी फार फिरलेला माणूस नाही. आणि फुटबॉलमधलं मला गोल झाला की झाला, एवढंच कळतं. तरीही २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात, जागतिक फुटबॉल स्पर्धा ऐन रंगात असताना, मी कतारच्या दोहा शहरात उतरलो होतो. ती हकीकत सांगतो. पण ती सुरू होते १९८४ साली, आमच्या ओटीवर. म्हणून आधी तिथं जाऊ.

आमचं गाव बाणकोटच्या खाडीकाठी, मंडणगड तालुक्यात. आमच्या भागातल्या मुसलमान घरांत त्या काळी मुलगा वयात आला की दोनच रस्ते असत. एक बोटीवर, दुसरा आखातात. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला भाई म्हणायचो, बावीस वर्षांचा होता. वेल्डिंग शिकलेला. मुंबईत जमातीच्या खोलीवर राहून त्यानं एजंटाच्या हाफिसात सहा महिने चकरा मारल्या आणि एक दिवस व्हिसा आला. आईचे दोन दागिने गेले. निघताना आईनं त्याच्या दंडाला इमाम जामिन बांधला. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर कापडात सव्वा रुपया बांधतात, सुखरूप पोचल्यावर तो गरिबाला द्यायचा असतो. सहारच्या विमानतळावर मी, वडील आणि मामू गेलो होतो. मी नववीत होतो. भाई दाराआड गेला, आणि काचेतून त्याची पाठ आणि तिच्यावरची वळकटी तेवढी दिसली.

त्यानंतर अडीच महिने काही कळलं नाही. मग शेजारच्या गावचा एक माणूस सुट्टीवर आला, त्यानं एक कॅसेट आणून दिली. त्या काळी आखातातली माणसं पत्रांऐवजी कॅसेट भरून पाठवत. लिहिता न येणाऱ्यांची सोय होई आणि वाचता न येणाऱ्यांचीही. टेपरेकॉर्डर आमच्याकडे नव्हता, तो शेजाऱ्यांकडून आणला. ओटीवर वीस-पंचवीस माणसं जमली. बटण दाबलं, थोडी खरखर झाली आणि भाईचा आवाज आला. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला, जणू तो समोरच आला होता.

भाई बोलला ते मला आजही जवळजवळ पाठ आहे. विमान कसं उडालं, ढग कसे खालून दिसतात. मग दोहाचा विमानतळ. तिथं म्हणे इतका गारवा की स्वेटर हवा. बाहेर पडताच कंपनीचा माणूस हातात पाटी घेऊन उभा. पाटीवर भाईचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्यानं भाईशी हात मिळवला, वळकटी स्वतः उचलली, आणि काचेच्या ग्लासातून लालभडक थंडगार सरबत दिलं. मग मोटारीतून खोलीवर.

पुढे पगाराचं, जेवणाचं काय बोलला ते कुणी नीट ऐकलंच नाही. सगळे त्या पाटीपाशीच थांबले होते. आमच्या घरातल्या कुणाचंही नाव तोवर कशावर रंगवलेलं नव्हतं. रेशनकार्ड सोडलं तर कुठं लिहिलेलंही नव्हतं. ‘वळकटी स्वतः उचलली’ हे वाक्य तर आईनं तीनदा मागे नेऊन ऐकलं. पुढची कितीतरी वर्षं, कुणाचा मुलगा आखातात निघाला की ती त्याच्या आईला धीर द्यायची, अगं, तिकडं पाटी घेऊन उभे असतात, सरबत देतात, तू कशाला रडतेस?

मीही त्या कॅसेटवर वाढलो. भाईच्या पैशातून घराला कौलांच्या जागी स्लॅब आला, दोन बहिणींची लग्नं झाली आणि मी मुंबईला जाऊन मराठी घेऊन बी.ए. झालो. ‘मराठी घेऊन काय करणार?’ असं गावातल्या शहाण्यांनी विचारलं तेव्हा भाईनंच कॅसेटवरून सांगितलं होतं, त्याला हवं ते शिकू द्या, पैसे मी पाठवतोय ना. दर दोन वर्षांनी दोन महिने, असा भाई आम्हाला मिळाला. चोवीस वर्षांचा हिशेब केला तर दोन वर्षंसुद्धा भरत नाहीत. २००८ मध्ये तो कायमचा परत आला. तोपर्यंत त्याचा मुलगा, माझा पुतण्या, सर्व्हेअर झाला होता. २०१० च्या डिसेंबरात कतारला २०२२ च्या स्पर्धेचं यजमानपद मिळालं, तिथं बांधकामांचा धडाका सुरू होणार हे उघड झालं, आणि २०११ मध्ये पुतण्याही दोहाला गेला.

आता २०१४ सालची एक संध्याकाळ सांगायला हवी. पुतण्याचा फोन आला होता. दोहाचा जुना विमानतळ प्रवाशांसाठी बंद झाला, आता सगळी विमानं नव्या हमद विमानतळावर उतरतात, असं तो सांगत होता. भाईनं फोन ठेवला आणि ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. भाई म्हणाला, ‘‘बरं झालं बंद झाला. त्या विमानतळावर मी एकोणीस तास जमिनीवर बसलो होतो.’’

मला आधी वाटलं, परतीच्या वेळी विमान चुकलं असेल. मग तो बोलत गेला. पाटी नव्हती. पाटी धरणारा माणूसही नव्हता. कंपनीचा माणूस आज येईल, उद्या येईल, असं करत रात्र गेली. बरोबर अकरा जण होते, कुणाला काही माहीत नाही. कागद हातात धरून सगळे भिंतीला टेकून बसलेले. भाईला वाटायचं, आपण लहानपणापासून कुराण वाचतो, तेव्हा अरबी मुलखात आपलं काही अडणार नाही. तिथं गेल्यावर एक अक्षर कळेना. तहान लागली तेव्हा त्याला कुराणातला पाण्याचा शब्द आठवला, ‘मा’. झाडू मारणाऱ्या एका माणसासमोर तो हात करून ‘मा, मा’ म्हणू लागला. तो झाडूवाला निघाला उत्तर हिंदुस्थानी. तो थांबला, भाईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘‘रो मत भाई, सबको माँ याद आती है.’’ मग पाणी आणून दिलं, आणि आपल्या डब्यातला अर्धा खुबूस. दंडाचा इमाम जामिन सोडून भाईनं तो सव्वा रुपया त्यालाच दिला. त्यानं तो हसत घेतला. तिथं त्याचं काही येणार नव्हतं.

‘‘आणि सरबत?’’ मी विचारलं. सरबत खरं होतं. विम्टो नावाचं एक लाल पेय आखातात सगळीकडे मिळतं, रमजानच्या दिवसांत तर घराघरांत असतं. पहिला पगार झाला तेव्हा भाईनं ते स्वतःच्या पैशानं घेऊन प्यायलं होतं. नऊशे रियाल सांगून सहाशे दिले होते, त्यातून. पुढच्याच आठवड्यात कॅसेट भरली, तेव्हा ते सरबत त्यानं विमानतळावर नेऊन ठेवलं.

‘‘आईला सांगायचं होतं काय?’’ एवढंच तो म्हणाला. मग वारा सुटला म्हणून आम्ही आत गेलो. त्यानं ही गोष्ट पुन्हा काढली नाही, मीही नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, भाई गेला. पुतण्याला येता आलं नाही. मातीला आम्ही सहा जण होतो.

म्हणूनच २०२२ मध्ये पुतण्या हट्टाला पेटला. अब्बांना स्पर्धेला पाहुणा म्हणून आणायचं त्यानं ठरवलं होतं, ते राहून गेलं, आता चाचा, तुम्ही या. मी म्हटलं, अरे, मला ऑफसाइड म्हणजे काय तेही कळत नाही. तो म्हणाला, मलाही कळत नाही, तुम्ही या.

त्या दिवसांत कतारला असं सहज जाता येत नव्हतं. १ नोव्हेंबरपासून साध्या पर्यटकांचा व्हिसा बंद होता. सामन्याचं तिकीट असेल तर ‘हय्या’ नावाचं ओळखपत्र मोबाइलवर मिळे आणि तेच प्रवेशपत्र. हय्या म्हणजे ‘चला’, ‘या’. अजान ऐकणाऱ्याला हा शब्द ओळखीचा असतो. दिवसातून पाच वेळा नमाजासाठी आपल्याला ‘हय्या’ म्हणूनच बोलावतात. फुटबॉलसाठी कुणी बोलावेल असं वाटलं नव्हतं. पुतण्यानं बेल्जियम-मोरोक्को सामन्याचं तिकीट काढलं, आपल्याच घरी पाहुणा म्हणून माझी नोंद केली, आणि परवडेल असं विमान शोधलं. ते मुंबईहून शारजा आणि शारजाहून दोहा असं होतं.

या ‘परवडेल अशा’ विमानामुळेच सगळं जुळून आलं. स्पर्धेची गर्दी एकट्या हमद विमानतळाला पेलणार नाही म्हणून कतारनं आठ वर्षं बंद असलेला जुना विमानतळ २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा उघडला होता. काही निवडक कंपन्यांची विमानं तिथं उतरत. त्यात मुख्यतः स्वस्तातली आणि शेजारच्या देशांतून ये-जा करणारी. माझं विमान त्यातलंच. म्हणजे मी भाईच्याच विमानतळावर उतरणार होतो. तिकिटावर हे वाचलं तेव्हा मी पुतण्याला काही बोललो नाही.

२६ नोव्हेंबर, शनिवार. शारजात विमान बदललं आणि एका वेगळ्याच वऱ्हाडात येऊन पडलो. दोहात खोल्या कमी आणि महाग, त्यामुळे हजारो प्रेक्षक अमिरातीत राहून सामन्यापुरते विमानानं जा-ये करत होते. मुंबई-पुण्याच्या डेक्कन क्वीनसारखं. याच शारजाहून दोहाला २०१७ च्या जूनपासून २०२१ च्या जानेवारीपर्यंत एकही विमान उडत नव्हतं. शेजारी देशांनी कतारवर बहिष्कार टाकला होता. आता त्याच आकाशात रांग लागली होती. त्या रात्री दहा वाजता अर्जेंटिना-मेक्सिको सामना होता. माझ्या डावीकडे आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, उजवीकडे हिरवा. अर्जेंटिनाचे लोक चार दिवसांपूर्वी सौदी अरेबियाकडून हरलेले, त्यामुळे जरा कातावलेले. पण गाणी थांबत नव्हती. विमान जमिनीला टेकलं तेव्हा त्यांनी डोक्यावरचे सामान ठेवायचे कप्पे ढोलासारखे बडवले. हवाईसुंदरीनं दोनदा रागावून पाहिलं आणि तिसऱ्यांदा हसली.

उतरून चालू लागलो. भिंतीवर अरबीत लिहिलं होतं ‘मतार’. हा शब्द माझ्या आवडीचा आहे. उर्दूत आपण पक्ष्याला ताइर म्हणतो, विमानाला तय्यारा. त्याच धातूचा हा मतार, म्हणजे उडण्याची जागा. दोहाच्या मेट्रोत या भागाच्या स्टेशनाचं नावच ‘अल मतार अल कदीम’ आहे, जुना विमानतळ. मराठीतला विमानतळ म्हणजे सपाट, बसका शब्द. त्यात पक्षी नाही. असो, हा कवीचा चाळा झाला.

पुढे काय होईल याची मला थोडी धास्ती होती. माझ्यासारख्या नावाचा माणूस परदेशी विमानतळावर जरा अंग चोरूनच उभा राहतो. एका देशात, तो कोणता ते जाऊ द्या, कवितावाचनाला गेलो असताना मला रांगेतून बाजूला घेऊन दीड तास बसवलं होतं आणि माझ्या कवितासंग्रहाचं एकेक पान उलटून पाहिलं होतं. इतक्या बारकाईनं तो संग्रह इतर कुणी वाचल्याचं मला माहीत नाही. इथं मात्र काउंटरवरच्या तरुण मुलीनं पासपोर्ट उघडला, नाव वाचलं, ‘सलाम अलैकुम’ म्हणाली, आणि मी उत्तर देईपर्यंत काम झालंसुद्धा. माझ्या मागे एका मेक्सिकन गृहस्थाची भलीमोठी गोल टोपी तपासणीच्या यंत्रात शिरेना. तीन अधिकारी तिला आडवी-तिडवी करून पाहत होते आणि रांगेतले सगळे सल्ले देत होते. शेवटी एकानं ती स्वतःच्या डोक्यावर घातली आणि पलीकडे चालत नेली. टाळ्या पडल्या.

जागोजागी स्वयंसेवक उभे. ‘वेलकम, वेलकम’. कुणी रस्ता दाखवतंय, कुणी पाण्याची बाटली देतंय. मी आजूबाजूला पाहत होतो. कुठली भिंत असेल? इमारतीत तीस-चाळीस वर्षांत किती फेरफार झाले असतील, १९८४ मधलं काय शिल्लक असणार? तरी मी फरशीकडे पाहत चाललो होतो. एक स्वयंसेविका काळजीनं म्हणाली, ‘‘सर, काही हरवलं का?’’

बाहेर पडलो. कठड्यापलीकडे माणसांची दाटी, झेंडे, मोबाइल वर धरलेले हात. त्यात मला पुठ्ठ्याची एक पाटी दिसली. त्यावर जाड मार्करनं माझं नाव लिहिलं होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मराठीत.

पाटीमागून पुतण्या हसत होता. तो कठड्याखालून वाकून आला, माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि हातात एक थंडगार डबा दिला. विम्टो. ‘‘अब्बांसारखं स्वागत करायचं ठरवलं होतं चाचा,’’ तो म्हणाला. ‘‘फक्त काचेचा ग्लास नाही मिळाला.’’

मी तो डबा उघडला आणि प्यायलो. खूप गोड असतं ते. मग माझ्याकडून काही बोलणं होईना. पुतण्याला वाटलं प्रवासाचा शीण असेल. आजूबाजूला अर्जेंटिनावाले उड्या मारत होते, त्यांच्यातला एक जण माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढून गेला. त्या फोटोत मी कसा दिसतोय कुणास ठाऊक.

दोहात चार दिवस राहिलो. सगळं सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही. तीस लाखांच्या आसपास वस्तीचा तो देश. दर दहा माणसांत नऊ बाहेरची, आणि त्यात सात लाखांहून जास्त आपण भारतीय. पुतण्याच्या इमारतीत खाली मल्याळी, वर नेपाळी, समोर इजिप्तचे लोक. स्पर्धेच्या आधी इंग्लंड-ब्राझीलचे सदरे घालून नाचणाऱ्या मल्याळी मुलांचे व्हिडिओ पाहून युरोपातल्या काहींनी म्हटलं होतं, हे भाड्यानं आणलेले नकली प्रेक्षक. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी मुलाला ते फार लागलं होतं. ज्यांच्या कोझिकोडात पुल्लवूरच्या नदीपात्रात मेस्सी आणि नेमार यांचे कटआउट उभे राहतात, त्यांना नकली म्हणायचं! तो म्हणाला, ‘‘अंकल, मी इथं स्टेडियमची वायरिंग केली. माझ्यापेक्षा अस्सल प्रेक्षक कोण?’’

याच दिवसांत स्पर्धेच्या आयोजनाचे प्रमुख हसन अल थवादी यांची मुलाखत गाजत होती. स्पर्धेशी संबंधित कामांवर चारशे ते पाचशे परदेशी कामगार दगावले असावेत, असं ते म्हणाले होते. आधीचे सरकारी आकडे याहून पुष्कळ लहान होते. पुतण्यानं मोबाइलवर ती बातमी पाहिली, मोबाइल उलटा ठेवला आणि जेवायला बसला.

सामना २७ तारखेला अल थुमामा स्टेडियमवर झाला. हे स्टेडियम बाहेरून जाळीदार टोपीसारखं दिसतं. अरब पुरुष डोक्यावरच्या रुमालाखाली जी विणलेली गोल टोपी घालतात, तिला तिथं गहफिया म्हणतात. इब्राहिम जैदा या कतारी वास्तुविशारदानं त्या टोपीवरूनच ही इमारत काढली आहे. आमच्या गावातही ईदला तशीच टोपी असते. मोरोक्कोचा गोलरक्षक बोनो राष्ट्रगीताला रांगेत उभा होता, आणि सामना सुरू झाला तर गोलपाशी दुसराच! मला वाटलं माझीच नजर कमी झाली. नंतर कळलं, त्याला ऐन वेळी चक्कर आली होती. मोरोक्को २-० नं जिंकला. मैदानावर खेळाडूंनी सजदा केला, आणि त्यांचा हकिमी धावत प्रेक्षकांत गेला, तिथं बसलेल्या आपल्या आईपाशी. तिनं त्याचं तोंड हातात धरलं. माझ्या शेजारी बसलेला पुतण्या तेव्हा पहिल्यांदा रडला. हाच मोरोक्को पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेला, तिथवर पोचलेला पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ. पण ते मी परत आल्यावर घरी पाहिलं.

सामन्याहून परतताना गाडीत मी त्याला सांगून टाकलं. सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार करत होतो. बापानं मुलाला दिलेली एक चांगली गोष्ट आपण का मोडावी? पण त्या पुठ्ठ्याच्या पाटीवर माझं नाव होतं, आणि ती गाडीत मागच्या सीटवर पडली होती, ते मला सोसेना. म्हणून सगळं सांगितलं. एकोणीस तास, अकरा माणसं, ‘मा, मा’, अर्धा खुबूस.

तो काही बोलला नाही. रस्ता हॉर्न आणि झेंड्यांनी भरलेला होता. मोरोक्कोच्या चाहत्यांनी भरलेल्या एका गाडीनं आम्हाला पुढे जायला जागा दिली, त्यानं हात वर करून आभार मानले. मग म्हणाला, ‘‘चाचा, २०११ मध्ये मी उतरलो तेव्हा मला न्यायला कुणी आलं नव्हतं. सात तास बसलो. शेवटी टॅक्सी करून पत्ता शोधत गेलो. अब्बांना फोन केला आणि सांगितलं, पाटी घेऊन माणूस आला होता.’’

‘‘मग भाई काय म्हणाला?’’

‘‘काही नाही. विचारलं, सरबत दिलं का? मी म्हटलं, दिलं. अब्बा हसले. मला वाटलं, आनंदानं हसले.’’

घर येईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर तो एकटाच हसायला लागला, आणि मग मलाही हसू आवरेना. वरच्या गॅलरीतून नेपाळी शेजाऱ्यानं वाकून पाहिलं.

३० तारखेला माझं परतीचं विमान होतं, त्याच जुन्या विमानतळावरून. पुतण्याला कामावर जायचं होतं, त्यानं मला पहाटेच सोडलं. जाताना भाभीसाठी म्हणून विम्टोचे चार डबे पिशवीत टाकले. विमानाला तीन तास अवकाश होता. मी बाहेरच रेंगाळलो. आगमनाच्या दारापाशी, भिंतीला टेकून सहा-सात पोरं बसली होती. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, हातात प्लास्टिकच्या एकसारख्या फाइली. काठमांडूची विमानंही याच विमानतळावर उतरत. समोरून पोलंडचे की कुठले लाल-पांढरे प्रेक्षक गात चालले होते आणि ही पोरं त्यांच्याकडे सिनेमा पाहावा तशी पाहत होती.

त्यातला एक जण उठून माझ्याकडे आला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. हिंदीत म्हणाला, ‘‘अंकल, एक कॉल करना था घर पे.’’ पुतण्यानं दिलेलं इथलं सिमकार्ड माझ्या मोबाइलमध्ये होतं, ते यापुढे माझ्या उपयोगाचं नव्हतंच. मी मोबाइल दिला. त्यानं हातावर पेनानं लिहिलेला नंबर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. तो नेपाळीत बोलत होता. नेपाळी मला येत नाही, पण आपल्या भाषांचं नातं असं आहे की बरंचसं कळतं. ‘सबै ठीक छ’, तो म्हणाला. मग काही विचारणं झालं असावं, कारण तो जरा थांबला, मित्रांकडे पाठ केली आणि म्हणाला, ‘‘कम्पनीको मान्छे आइसक्यो.’’ कंपनीचा माणूस आलासुद्धा.

मोबाइल परत देताना त्यानं तो आपल्या शर्टाला पुसला.

‘‘कधीपासून बसलात?’’ मी विचारलं.

‘‘रात से.’’

‘‘आणि माणूस?’’

‘‘आएगा अंकल,’’ तो म्हणाला. ‘‘मॅच चल रहा है ना, ट्रॅफिक होगा.’’

मी पिशवीतून विम्टोचे डबे काढले. तसेही ते सुरक्षा तपासणीत काढून घेतले असते, हे पुतण्याच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. भाभीला काय, ती समजून घेईल. पोरांनी एक डबा उघडला, लाल रंग पाहून एकमेकांकडे पाहिलं आणि माझ्याशी बोललेला तो मुलगा पुन्हा उठून माझ्याजवळ आला. हळूच विचारलं, ‘‘अंकल, ये शराब तो नहीं है ना?’’

मी म्हटलं, ‘‘नाही रे बाबा, सरबत आहे.’’

मग ते प्यायले.